शेतातली गॅस पाइपलाइन: पट्टी गुंडाळली म्हणजे पाइप फुटला होता का?

प्रश्न: आमच्या शेतातून दाभोळ-बेंगळुरू गॅस पाइपलाइन गेली आहे. ऊस तुटून गेल्यावर कंपनीच्या माणसांनी एका जागी पाइप उघडा केला, त्यावर पट्टी गुंडाळली आणि खड्डा बुजवला. पाइप फुटला होता का? तिथे बोअर मारता येईल का?
– एक शेतकरी, बेळगाव जिल्हा

उत्तर: नाही, फुटलेल्या पाइपचे नुसत्या पट्टीवर भागत नाही. गॅसच्याच दाबाने पाइपमधून ‘पिग’ नावाचे यंत्र ढकलतात. त्याच्या चुंबकांमुळे पाइप कुठे झिजला ते कळते, चाकांवरून त्या जागेचे अंतर कळते. मग दाब उतरवून तेवढीच जागा उकरतात, पाइपजवळची माती हाताने काढतात. वेष्टन खरवडून अल्ट्रासोनिक गेजने जाडी मोजतात. बाहेरचा गंज असेल तर रेझिनमध्ये (वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेली तंतूंची पट्टी पुरते. झीज फार खोल असेल तर पोलादी पत्र्याचे दोन अर्धे भाग बसवून वेल्डिंग करतात, नाहीतर तेवढा तुकडाच बदलतात. शेवटी नव्या वेष्टनावरून विजेच्या ठिणगीचे यंत्र फिरवून टाचणीएवढे छिद्रही शोधतात. बुजवताना पाइपलगत दगड गेला तर तोच वेष्टन फाडतो, म्हणून मऊ मातीचा आग्रह धरा. पहिल्या पावसानंतर जागा खचली तर कळवा.

आपल्याकडे पूर्वेच्या काळ्या रानात ओल टिकते, माती फुगते, आकसते आणि वेष्टनाला ओढ बसते. ते फाटले तरी गंज लागू नये म्हणून पाइपला बारीक वीजप्रवाह देतात. मातीत टेकवलेल्या तांबे-मोरचूदाच्या संदर्भ-इलेक्ट्रोडशी ताडून पाइपचे व्होल्टेज किमान उणे ०.८५ व्होल्ट यावे लागते. ही मोजणी तारा असलेल्या छोट्या खांबांवर होते. त्या तारा कुणी तोडल्या तर त्या भागातली मोजणीच बंद पडते.

बोअर मारू नका. १९६२ च्या पाइपलाइन कायद्याने जमीन वापरण्याचा हक्क घेतलेल्या पट्ट्यात विहीर, तळे, बांधकाम आणि झाडे लावायला मनाई आहे. ऊस, सोयाबीन, भाजीपाला चालतो. पट्ट्याबाहेर पण जवळ बोअर घ्यायचा असेल तर आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. चर काढताना जेसीबीचा दात पाइपला लागला आणि गॅस आला नाही, तर लोक माती ओढून गप्प बसतात. सगळ्यात घातक तेच. पोचा आणि ओरखडा एकाच जागी पडला की दाब कमी-जास्त होताना तिथली चीर वाढत जाते, आणि पाइप महिन्यांनीही फुटू शकतो. काम तिथेच थांबवा आणि मार्कर खांबावरच्या नंबरला लगेच फोन करा.

मोठ्या लाइनमधल्या गॅसला वास असेलच असे नाही. फुसफुस आवाज, उडणारी धूळ, सरीतल्या पाण्यात बुडबुडे दिसले तर मोटार चालू-बंद करू नका, ट्रॅक्टर सुरू करू नका. वाऱ्याच्या उलट दिशेने लांब जा आणि तिथूनच फोन करा.