शेतकऱ्यांचे प्रश्न : कलिंगडाचा केवडा, काकडीची भुरी

प्रश्न : कृष्णाकाठी दीड एकर कलिंगड आहे, मल्चिंग आणि ठिबकवर. लावण जानेवारीची. फळं नारळाएवढी झालीत आणि बुडख्याकडची पानं पिवळे ठिपके पडून करपायला लागलीत. दुकानदारानं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि गंधक एकत्र करून मारायला सांगितलं. दोनदा मारलं, रोग पुढंच सरकतोय. आता काय मारू?
— एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : काय मारायचं ते नंतर. उद्या दव सुकायच्या आत रानात जा आणि ठिपका पडलेलं पान उलटं करा. खालच्या बाजूला राखाडी-जांभळट लव दिसली तर तो केवडा, म्हणजे द्राक्षवाले ज्याला दावण्या म्हणतात त्याचाच भाऊबंद. उन्हं चढली की ही लव वाळून जाते. त्यामुळं दुपारी तोडलेलं पान घेऊन दुकानात गेलात तर काउंटरपलीकडून अंदाजच ऐकायला मिळणार. तरीही शंका राहिली तर ठिपक्याचं पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा आणि सकाळी खालची बाजू पाहा.

कलिंगडावरचा केवडा जरा फसवा असतो. काकडीवर त्याचे ठिपके शिरांच्या मध्ये अडकून कोनाकोनाचे दिसतात. कलिंगडावर ते तसे नेटके नसतात. ते तपकिरी-काळे पडतात, पानाच्या कडा वर वळतात आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, शेजाऱ्याचं तणनाशक उडालं. बांधावर काकडीचा एखादा वेल असेल तर आधी तो पाहून घ्या, तिथं ओळख लवकर पटते.

तुमच्या वर्णनावरून मला केवडाच दिसतो, आणि तो असेल तर दोन्ही फवारण्या पाण्यात गेल्या. केवडा ही खरी बुरशी नव्हेच, तो पाणबुरशीच्या गोत्रातला. त्याचे बीजाणू पानावरच्या दवात पोहतात आणि पानाच्या छिद्रांतून आत शिरतात. गंधक हे भुरीचं, म्हणजे पानावर पांढरी पावडर धरणाऱ्या रोगाचं औषध, आणि कार्बेन्डाझिम या गोत्रावर चालतच नाही. तरी ठिपका कसलाही असो, दुकानात पहिली पुडी कार्बेन्डाझिमचीच निघते. स्वस्त आहे आणि नाव सगळ्यांच्या तोंडात बसलंय, दुसरं काय!

मॅन्कोझेब रोग शिरायच्या आधी पानावर बसलेलं असेल तरच राखण करतं. तुमच्याकडं रोग आत शिरलाय, त्यामुळं सायमॉक्सॅनिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण किंवा डायमेथोमॉर्फ यांसारखं आत जाणारं औषध लागेल. लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का ते पाहा, प्रमाण तिथलंच घ्या आणि पुढच्या फवारणीला गट बदला, म्हणजे वेगळ्या तऱ्हेनं काम करणारं औषध घ्या. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की केवडा त्याला दाद देईनासा होतो. मेटॅलॅक्सिल या औषधाच्या बाबतीत जगभर हेच झालंय. फळं वाढीत आहेत, तेव्हा काढणीआधी किती दिवस थांबायचं हेही लेबलवरून बघूनच औषध निवडा.

आता फवारायचं कसं. कलिंगडाचा वेल भुईला लोळलेला असतो आणि रोग पानाच्या पोटाला. वरून पंप फिरवला की पानाची पाठ भिजते, पोट कोरडंच राहतं. नोझल जमिनीलगत धरून तोंड वर करा आणि वेलाच्या दोन्ही बाजूंनी फिरा. मजूर कुरकुर करतील, करू द्या.

केवडा फळावर येत नाही, पण पानं गेली की फळ उघडं पडतं, उन्हानं भाजतं आणि गोडी भरत नाही. उसाचं पाचट तुमच्याकडं असेलच. उघड्या फळांवर ते आजच पांगवा.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेला भुरी होती. शेजारच्या काकडीवर आता पांढरी पावडर दिसतेय. बागेतून आली का? उरलेलं गंधक मारू का?
— तासगाव

उत्तर : बागेतून नाही आली. दिसायला दोन्ही सारख्या, पण द्राक्षाची भुरी वेगळी आणि काकडीची वेगळी. एकीची दुसरीवर जात नाही. पाण्यात मिसळणारं गंधक चालेल, मात्र पारा 35 अंशांकडं चाललेला असताना नको. काकडी-खरबुजाची पानं त्यात जळतात. उन्हं उतरल्यावर आधी दोन-चार वेलांवर मारा, दुसऱ्या दिवशी पानं बघा, मग बाकीच्यांवर.

प्रश्न : कलिंगडाचे वेल फुलोऱ्यात एकाएकी माना टाकतात. आधी एक फांदी, मग सगळा वेल. पाणी कमी नाही. आळवणी (मुळाशी औषधाचं पाणी ओतणं) कशाची करू?
— खटाव तालुका

उत्तर : आळवणीच्या आधी सुरी घ्या. मेलेल्या वेलाचं खोड बुडाजवळ उभं चिरा. आत तपकिरी रेघा दिसल्या तर ती फ्युजॅरियमची मर, आणि सुकलेला वेल कोणत्याही आळवणीनं उठत नाही. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते. त्या तुकड्यात पुढची काही वर्षं ज्वारी, मका घ्या. कलिंगडच करायचं असेल तर दुधी भोपळ्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं मिळतात. महाग पडतात, पण अशा रानात तीच टिकतात. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी कुजलेल्या शेणखतात मुरवून लावणीआधी द्या, नंतर देऊन फारसा उपयोग नाही.

खोड आतून पांढरं आणि बाहेर बुडाशी तांबूस डिंकाचे थेंब असतील तर प्रकरण वेगळं, तो डिंक्या. तो बियाण्यातून येतो आणि जुन्या वेलांवर टिकून राहतो, म्हणून मेलेले वेल बांधावर न टाकता जाळा. बियाणं घरचं होतं की विकतचं, आणि चिरल्यावर आत काय दिसलं, ते कळवा.