एडीसी कमी आलाय, मग बायोप्सी कशाला?

प्रश्न: भावाच्या मेंदूत गाठ निघालीय. एमआरआयच्या रिपोर्टात 'डिफ्युजन रिस्ट्रिक्टेड, एडीसी कमी, हाय ग्रेड ग्लायोमाची शक्यता' असं लिहिलंय. एवढं कळतंय तर बायोप्सी कशाला करायची? आणि हा एडीसी काढतात तरी कसा?

उत्तर: आधी एडीसीचं बघू, म्हणजे तिथलं पाणी किती सहज सरकतं ते सांगणारा आकडा, खरी गोम तिथेच आहे. डिफ्युजन एमआरआय पेशी बघतच नाही, तो पाण्याची हालचाल बघतो. 50 मिलिसेकंदात मोकळं पाणी साधारण 30 मायक्रॉन सरकतं आणि पेशी असते 10 मायक्रॉनच्या आगेमागे, म्हणजे वाटेत भिंती आडव्या येणारच, त्यात पेशींची दाटी झाली की पाणी अजून अडतं आणि एडीसी उतरतो. हाय ग्रेड म्हणजे वेगाने वाढणाऱ्या गाठीत सहसा अशी दाटी असते, म्हणून रिपोर्टात हाय ग्रेड ग्लायोमाची (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींच्या गाठीची) शक्यता आली.

आता तो काढतात कसा ते. मशीन या हालचालीला किती संवेदनशील ठेवलंय ते 'बी व्हॅल्यू' सांगते, ती वाढवल्यावर सिग्नल किती घटतो त्यावरून साध्या सूत्राने एडीसी निघतो. बी 1000 ला मोकळ्या पाण्याचा सिग्नल जेमतेम 5 टक्के उरतो, नॉर्मल मेंदूचा 45 च्या आसपास. त्याच सूत्राने 2000 ला मेंदूचा 20 टक्के उरायला हवा, पण प्रत्यक्षात जास्त उरतो! कारण चित्रातल्या 2 मिमीच्या एका ठोकळ्यात पेशींच्या आतलं, बाहेरचं, सगळं पाणी एकत्र असतं, आणि एडीसी त्या सगळ्याला एकच आकडा चिकटवून मोकळा होतो (मला विचाराल तर या आकड्यावर जरा जास्तच भिस्त ठेवली जाते). सूत्रापासून सिग्नल किती ढळला ते मोजणारं मॉडेल म्हणजे कर्टोसिस, 2005 सालचं, हाय ग्रेडमध्ये ते सहसा जास्त येतं.

तरी बायोप्सी लागतेच. सूज किंवा मेलेला भाग मोजमापात आला की एडीसी चढतो, उलट लिम्फोमात (हा वेगळ्याच पेशींचा कॅन्सर) आणि पू झालेल्या गाठीतही तो कमीच दिसतो. शिवाय डब्ल्यूएचओच्या 2021 च्या वर्गीकरणात ग्रेड जीन्सवरही ठरते, आयडीएच नावाचा जीन वगैरे, काही गाठी मायक्रोस्कोपखाली सौम्य दिसूनही ग्रेड 4 मध्ये जातात, आणि ती टेस्ट तुकडा काढल्याशिवाय खात्रीने होत नाही.

एडीसीचा नकाशा मात्र वाया जात नाही, गाठीतला सगळ्यात दाट भाग कुठला, म्हणजे सुई कुठे न्यायची, हे ठरवायला तो कामाला येतो. सर्जनना तेवढं नक्की विचारा.