‘माझ्या एका मतानं काय होणार?’

तिशीतला अभियंता, हिंजवडीत नोकरी, नाव मात्र अजून गावच्या मतदार यादीत. निवडणूक आली की वडिलांचा फोन येतो आणि घरात वाजतं. माझ्याकडे समुपदेशनाला आला तोच मुद्दा घेऊन. ‘‘मॅडम, लोकसभेच्या एका मतदारसंघात पंधरा-वीस लाख मतदार. त्यात माझं एक मत म्हणजे शून्यच ना?’’

अशा वेळी लोक सी. पी. जोशींचा दाखला देतात. २००८ साली राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात ते एका मतानं पडले. मी तो दिला नाही. असं क्वचितच घडतं हे त्यालाही ठाऊक होतं, आणि अपवाद सांगून हुशार माणसाचं समाधान होत नाही.

‘‘मतदान सोडून आणखी काय काय सोडलंत?’’ असं विचारलं. हळूहळू निघालं एकेक. सोसायटीची मीटिंग. ओला-सुका कचरा वेगळा करणं. ऑफिसातलं रक्तदान शिबिर. सगळीकडे एकच उत्तर, ‘काय फरक पडतो?’ सुरुवात झाली होती ती त्यानं रात्रंदिवस राबून पूर्ण केलेल्या कामाचं श्रेय दुसऱ्याला गेलं तेव्हापासून.

विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीत मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी माणसाच्या ‘च’कारी हट्टांवर, म्हणजे ‘असं झालंच पाहिजे’ या आग्रहावर, बोट ठेवलं. याचा हट्ट असा: माझ्या कृतीचा परिणाम मला दिसलाच पाहिजे, नाहीतर ती फुकट. मी त्याला २०२४ ची मुंबई वायव्यची निवडणूक आठवायला सांगितली. रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. ‘‘त्यांच्या मतदारांपैकी एकजण घरी बसला असता तरी निकाल तोच लागला असता. प्रत्येकाबद्दल हेच म्हणता येईल. मग निकाल लावला कुणी?’’

तो हसला, पण पटलेलं दिसलं नाही. नुसत्या युक्तिवादानं पटतही नाही सहसा. म्हणून गृहपाठ दिला तो मतदानाचा नव्हे, रक्तदानाचा. साडेतीनशे मिलीच्या पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट्स वेगळ्या होतात, वेगवेगळ्या रुग्णांना जाऊ शकतात. कुणाला गेल्या, हे देणाऱ्याला कळत नाही. परिणाम न दिसता काम करण्याची सवय लागायला ही जागा बरी. तो जाऊन आला. पुढे सोसायटीच्या मीटिंगलाही बसला, आणि पाण्याच्या टँकरवरून भांडून आला म्हणे.

परवा मात्र फोनवर वेगळीच तक्रार. त्यानं आठ नंबरचा फॉर्म भरून नाव पुण्यात आणायचं ठरवलंय आणि वडील नाराज आहेत. ‘‘लोकसभेला टाक तिकडं,’’ म्हणतात, ‘‘पण ग्रामपंचायतीला आपल्या वॉर्डात पाच-दहा मतांवर सीट येते, तेव्हा मी काय करू?’’