खुनाच्या आरोपात खटला संपायच्या आधी जामीन मिळतो का? कोर्ट नेमकं काय बघतं?

मिळू शकतो, कारण जामिनाच्या वेळी कोर्ट आरोपी दोषी आहे का हे ठरवत नाही. तो बाहेर आला तर खटल्याचं काय होईल, हे बघतं. पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुरावा नष्ट करेल का? त्यासोबत प्रथमदर्शनी पुरावा, होऊ शकणारी शिक्षा आणि जुने गुन्हेही पाहतात. साक्षीदार आरोपीच्याच गल्लीत राहत असतील तर जामीन देताना ‘तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, पासपोर्ट जमा’ अशा अटी घालतात.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, जामीन, खटला कसा चालवायचा ते ठरवणारा कायदा) कलम ४८० मुळे फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटचे हात बरेचसे बांधलेले असतात (स्त्रिया, मुलं, आजारी व्यक्तींना थोडी सवलत). म्हणून अर्ज बहुधा सेशन्स किंवा हायकोर्टात, कलम ४८३ खाली होतो.

अटकेनंतर पहिल्या रिमांडपासून (कोर्टाने कोठडीत पाठवल्यापासून) ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्कच होतो (कलम १८७). मात्र आरोपपत्र दाखल व्हायच्या आत अर्ज करावा लागतो. एक दिवस उशीर झाला की हक्क गेला, आणि लोक नेमके इथेच चुकतात.

हे सगळं साध्या फौजदारी गुन्ह्यांपुरतं. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), पीएमएलए (काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा) किंवा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) लागलं असेल तर जामीन फार अवघड. तरी खटला वर्षानुवर्षं रखडला तर यूएपीएतही जामीन देता येतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये नजीब प्रकरणात म्हटलंय.