वाचकांचे प्रश्न : पायथन काढलं आणि अख्खा डेस्कटॉपच गेला

प्रश्न : सर, मी धायरीला राहते आणि घरून डीटीपीची कामं करते, आप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची गाइडं, पत्रिका, असं. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ (लिनक्स) आहे, भाच्याने टाकून दिलेलं, आजपर्यंत काही त्रास नव्हता. मुलाच्या क्लासमध्ये पायथन ३.१२ पाहिजे म्हणाले, आमच्याकडे ३.१० होतं. मला वाटलं जुनं काढू आणि नवीन टाकू, म्हणून टर्मिनलमध्ये सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३ दिलं. भराभरा नावं आली, शेवटी वाय की एन असं विचारलं, मी एंटर मारला. मग आयकॉन गायब व्हायला लागले. बंद करून चालू केलं तर काळी स्क्रीन आणि त्यावर फक्त लॉगिन. वायफाय नाही, माउस नाही. पासवर्ड टाकायला जाते तर काही उमटतच नाही, कीबोर्डपण गेला का? दुकानात दाखवलं तर म्हणाले फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. दिवाळी अंकाची ऐंशी पानं आत आहेत. काय करू?
— एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, फॉरमॅट अजिबात मारू देऊ नका. तुमची ऐंशी पानं जिथल्या तिथे आहेत. ॲप्ट म्हणजे उबुंटूमध्ये प्रोग्रामची पॅकेज टाकणारं-काढणारं साधन, त्याने जे काढलं ते प्रोग्राम काढले, तुमच्या होम फोल्डरला पॅकेज काढताना हात लागत नाही, त्यातल्या फाइली, तुम्ही तिथे टाकलेले फॉन्ट, सेटिंग, सगळं डिस्कवर तसंच आहे. फॉरमॅट मारला तर मात्र ते जाणार, म्हणजे आत्ता जे नुकसान झालेलंच नाही ते दुकानात होईल. आणि कीबोर्ड चांगला आहे हो. काळ्या स्क्रीनवर पासवर्ड टाकताना अक्षरं काय, ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, लिनक्समध्ये ते तसंच असतं. न दिसता पूर्ण टाइप करा, एंटर मारा, आत जाल.

आता झालं काय ते सांगतो, कारण ते कळलं की दुरुस्ती आपोआप कळते. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा, पण उबुंटूमध्ये ती फक्त शिकणाऱ्यांसाठी नसते, खुद्द उबुंटूचे कितीतरी भाग पायथनमध्येच लिहिलेत, अपडेट दाखवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर शोधणारा, नेटवर्कची मांडणी करणारा नेटप्लॅन. प्रत्येक पॅकेजवर लिहिलेलं असतं की मला चालायला अमुक अमुक पाहिजे. तुम्ही पायथन काढा म्हटलं, ॲप्टने बघितलं की याच्यावाचून कोण कोण अडतंय, आणि त्या सगळ्यांना बाहेर काढलं, मग त्यांच्यावाचून अडणारेही गेले. ती भराभरा आलेली नावं म्हणजे हीच यादी होती. आणि त्या प्रश्नात वाय मोठ्या लिपीत असतो, एन छोट्या. जे अक्षर मोठं ते नुसत्या एंटरचं उत्तर, म्हणजे तुमचा एंटर हो म्हणून धरला गेला. बॅश, डीपीकेजी (ॲप्टच्या हाताखाली पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम), टार, ग्रेप अशा काही पॅकेजवर अत्यावश्यक असा शिक्का असतो, ती काढताना ॲप्ट जास्त अडवतं, पण पायथनवर तो शिक्का नाही म्हणून साध्या वाय-एनवर काम झालं. यात तुमची चूक मी फार मानत नाही, एवढं मोठं काम एका एंटरवर व्हायला नको असं माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्तीकडे येतो. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापतोय, टाइप नेहमीसारख्या इंग्रजी लिपीतच करायच्या. वजा म्हणजे एक डॅश, बरोबर म्हणजे = ही खूण.) तुमचं वायफाय चालवणारं पॅकेजपण गेलेलं दिसतंय, त्यामुळे काळ्या स्क्रीनवरून इंटरनेट लावत बसण्यापेक्षा पेनड्राइव्हचा रस्ता धरा, तो मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, घरात नसेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास कुठेही मिळेल. भाच्याला सांगून दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच्यात उबुंटू २२.०४च भरून घ्या, दुसरं व्हर्जन नको. लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून चालू करा आणि ट्राय उबुंटू निवडा, इन्स्टॉल नाही, हे दोनदा वाचून मग दाबा. नेहमीसारखा डेस्कटॉप येईल, वायफाय लागेल, आणि डावीकडे फाइल्स उघडलं की तुमची डिस्क दिसेल. तिच्यातल्या होममध्ये जा, दिवाळी अंकाचं फोल्डर डोळ्यांनी बघा, आणि लगेच बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करून घ्या. ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुकानदार ज्याची गॅरंटी देत नव्हता ते इथेच तुमच्या हातात आलं.

मग टर्मिनल उघडा. एलएसबीएलके वजा एफ दिलं की पार्टिशनची यादी येते, त्यात ज्याच्यापुढे ईएक्सटी४ लिहिलंय ते बहुतेक तुमचं उबुंटू, समजा त्याचं नाव एसडीए२ आहे. नावात फरक असेल तर खाली तसा बदल करा. आता द्यायचं : सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी. मग डेव्ह, प्रोक, सिस आणि रन ही चार फोल्डरं एकेक करून आत जोडायची, म्हणजे सुडो माउंट दोन डॅश बाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह, आणि असंच बाकी तिघांचं. रन विसरू नका, उबुंटूमध्ये इंटरनेटचे पत्ते शोधायची फाइल रनमधल्या फाइलीकडे बोट दाखवत असते, ते जोडलं नाही तर वायफाय लागलेलं असूनही ॲप्ट म्हणतं सर्व्हर सापडत नाही, आणि माणूस तासभर राउटर बंद-चालू करत बसतो. शेवटी सुडो सीएचरूट /एमएनटी. याचा अर्थ एवढाच की पेनड्राइव्हवरून चालू झालेल्या मशीनला आपण सांगितलं, आता डिस्कवरचं घर हेच आपलं घर समज. इथून पुढे जे टाकाल ते लॅपटॉपमध्ये जाणार, पेनड्राइव्हमध्ये नाही.

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट, जी कोणी सांगत नाही. ॲप्टने काय काय काढलं ते त्याने स्वतः लिहून ठेवलेलं असतं. व्हार फोल्डरात लॉग, त्यात ॲप्ट, त्यात हिस्टरी डॉट लॉग. लेस या कमांडने ती फाइल उघडा आणि शेवटाकडे जा. तारीख-वेळ दिसेल, तिच्याखाली कमांडलाइन म्हणून तुम्हीच टाइप केलेलं ॲप्ट रिमूव्ह पायथन३, आणि त्याखाली रिमूव्ह असं लिहून स्वल्पविराम देत देत गेलेली सगळी नावं, प्रत्येकापुढे कंसात व्हर्जन. महिना उलटला असेल तर ती फाइल बाजूला होऊन नावापुढे १ आणि जीझेड लागलेलं असतं, ती झेडलेसने वाचा. ही यादी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग ॲप्ट अपडेट, आणि त्यानंतर ॲप्ट इन्स्टॉल पायथन३ उबुंटू-मिनिमल उबुंटू-स्टँडर्ड उबुंटू-डेस्कटॉप नेटवर्क-मॅनेजर. नावातल्या डॅश तशाच ठेवायच्या. ही मधली तीन नावं म्हणजे स्वतः प्रोग्राम नाहीत, ती मोळ्या आहेत, एक उचलली की तिच्यातली शेकड्याने पॅकेज मागोमाग येतात, म्हणून यादीतलं एकेक नाव टाइप करायची गरज पडत नाही. बरंच डाउनलोड होईल, वेळ लागेल, चार्जर लावून ठेवा आणि कृपा करून गुरुवारी करू नका, आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट घालवतात आणि राउटर बंद पडला की काम मधेच तुटतं. तुटलंच तर घाबरू नका, डीपीकेजी दोन डॅश कॉन्फिगर वजा ए, आणि मग ॲप्ट दोन डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल, एवढं दिलं की राहिलेलं काम जिथे थांबलं तिथून पुढे जातं. सगळं झालं की एक्झिट, मशीन बंद, पेनड्राइव्ह काढा, चालू करा.

डेस्कटॉप येईल, तुमचा वॉलपेपरसकट. पण एक गोष्ट तुम्हाला लगेच जाणवेल ती आधीच सांगून ठेवतो : मराठी टायपिंग चालणार नाही कदाचित. आयबस नावाचा जो कीबोर्ड बदलणारा प्रोग्राम आहे तोही पायथनवर टेकलेला असतो, तो गेला की त्याच्यावर बसलेलं आयबस-एम१७एनपण जातं. मोळीतून आयबस परत येतं पण एम१७एन वेगळं मागून टाकलेलं असेल तर येत नाही. फोटोतल्या यादीत बघा, असेल तर ॲप्ट इन्स्टॉल आयबस-एम१७एन, आणि लॉगआउट करून परत या. तुमचं डीटीपीचं जे काही सॉफ्टवेअर त्या यादीत असेल तेही असंच. काढताना तुम्ही रिमूव्ह दिलं होतं, पर्ज नाही, त्यामुळे इटीसी फोल्डरातल्या सेटिंगच्या फाइलीसुद्धा राहिल्यात आणि प्रोग्राम परत आले की त्या उचलतात.

मुलाच्या ३.१२चं काय? सिस्टिमचं ३.१० तिथेच राहू द्या. डेडस्नेक्स नावाची एक पीपीए (उबुंटूच्या बाहेरचा पॅकेजचा साठा) आहे, तिच्यातून पायथन ३.१२ शेजारी दुसरं म्हणून बसतं, सोबत त्याचं व्हीएन्व्हचं पॅकेज टाका आणि त्याच्या क्लासच्या फोल्डरात त्या ३.१२चं वेगळं एन्व्हायर्नमेंट करून द्या. पायथन३ ही कमांड नव्या पायथनकडे वळवा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, उबुंटूचे प्रोग्राम त्याच नावाने पायथन शोधतात आणि परत हेच सुरू होईल.

प्रश्न : हॉस्टेलवर जुना पीसी आहे, त्यावर डेबियन ११ हे लिनक्स. काहीतरी इन्स्टॉल करताना त्याने एक अख्खं इंग्रजी वाक्य टाइप करायला लावलं, मी केलं. आता डीपीकेजीच नाही म्हणतो, आणि ॲप्ट त्याच्याशिवाय काही टाकत नाही. सीएचरूट केलं तरी तेच. नवीन ओएस टाकू का?
— एक विद्यार्थी, कात्रज

उत्तर : नको. ते वाक्य म्हणजे हो, मी सांगतो तसंच कर, या अर्थाचं, आणि ते फक्त अत्यावश्यक शिक्क्याची पॅकेज निघणार असतील तेव्हाच विचारतात. २०२१ मध्ये एका गाजलेल्या यूट्यूब चॅनलवर पॉप ओएस या लिनक्समध्ये स्टीम (गेमचं सॉफ्टवेअर) टाकताना हेच वाक्य टाइप झालं आणि डेस्कटॉप उडाला, लाखो लोकांनी बघितलं. त्यानंतर ॲप्टच्या पुढच्या व्हर्जनमध्ये ही सोयच काढली, आता ॲप्ट तिथे सरळ नाही म्हणतं. डेबियन ११ मधलं ॲप्ट त्याच्या आधीचं, म्हणून तुझ्या वाट्याला ते आलं.

तुझ्या मशीनला हत्यार नाही पण लाइव्ह पेनड्राइव्हवर ते आहे, तेच वापर. सीएचरूटच्या बाहेर राहा. डेबियन ११चं डीपीकेजीचं डेब पॅकेज डाउनलोड कर, ६४ बिट असेल तर एएमडी६४चं, डिस्क माउंट कर आणि सुडो डीपीकेजी दोन डॅश रूट बरोबर /एमएनटी वजा आय, पुढे त्या फाइलचं नाव. म्हणजे पेनड्राइव्हचं डीपीकेजी तुझ्या डिस्कमध्ये डीपीकेजी बसवतं. ते बसलं की सीएचरूट करून ॲप्ट अपडेट, फिक्स-ब्रोकन, आणि वरच्या ताईंना सांगितलं तशी हिस्टरी डॉट लॉग वाचून बाकीचं. पॅकेजची नोंदवहीच खराब झाली असेल तर व्हारमधल्या बॅकअप्स फोल्डरात डीपीकेजी डॉट स्टेटस डॉट ० नावाची तिची प्रत असते, ती व्हार, लिब, डीपीकेजीमध्ये स्टेटस या नावाने कॉपी कर. मात्र आधी खराब झालेली वही दुसऱ्या नावाने जपून ठेव.

प्रश्न : माझ्याकडे फेडोरा आहे, तिथे असं झालं तर?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : फेडोरा या लिनक्सात ॲप्टच्या जागी डीएनएफ असतं, आणि तिथे हे सोपं आहे. सुडो डीएनएफ हिस्टरी लिस्ट दिलं की आजपर्यंतचे सगळे व्यवहार नंबर लावून दिसतात. ज्यात काढाकाढी झाली तो नंबर बघा, आधी डीएनएफ हिस्टरी इन्फो आणि नंबर देऊन आत काय आहे ते वाचा, मग सुडो डीएनएफ हिस्टरी अंडू आणि तोच नंबर. काढलेलं परत येतं. इंटरनेट मात्र चालू पाहिजे, आणि वायफायचं पॅकेजच गेलं असेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह आणि सीएचरूट इथेही तसंच चालतं, फक्त फेडोराचं नेहमीचं इन्स्टॉल असेल तर पार्टिशन ईएक्सटी४ नाही, बीटीआरएफएस दिसेल आणि माउंट करताना वजा ओ सबव्हॉल बरोबर रूट असं लिहावं लागेल.