वाचकांचे प्रश्न : अंतःप्रवासात काहीच ‘दिसत’ नसेल तर?

प्रश्न : डफाच्या एकसुरी ठेक्यावर डोळे मिटून, मनात एक प्रश्न घेऊन करायच्या शामानी प्रवासाला (शामान म्हणजे आदिवासी परंपरेतला ओझा-वैद्य) मी काही महिने बसते आहे. गटातल्या इतरांना नद्या, गुहा, प्राणी लख्ख दिसतात. माझ्यापुढे मात्र अंधारच असतो. मधूनच खांद्यावर दाब जाणवतो, एखादी गोष्ट आपसूक कळते, पण चित्र म्हणून काही नाही. माझा प्रवास होतच नाही, असं समजायचं का?

उत्तर : मुळीच नाही. खांद्यावरचा दाब आणि आपसूक कळणं, हाच तुमचा प्रवास आहे. तुम्ही चित्राची वाट पाहत बसता आणि हे दोन्ही हातचं सुटतं.

मनातल्या चित्रांचा ठळकपणा माणसागणिक फार बदलतो. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल मनात आणायला सांगितलं होतं. काहींना ते प्रत्यक्षाइतकं स्वच्छ दिसलं, तर काहींना काहीच दिसलं नाही. ‘मनःचक्षू’ हा नुसता बोलण्याचा अलंकार आहे, अशीच या न दिसणाऱ्यांची समजूत होती. मनात चित्र न उमटण्याला मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘अफँटेजिया’ हे नाव दिलं. शंभरात साधारण एक ते चार माणसं अशी असावीत, असा अंदाज आहे. हा आजार नव्हे. यातल्या अनेकांना रात्री स्वप्नं मात्र चित्रांचीच पडतात.

तुमचं काय आहे ते आधी पाहून घ्या. डोळे मिटा आणि घराचं दार आठवा. चित्र उमटलं का? नसेल, तर कडी कोणत्या बाजूला आहे ते सांगा. तुम्ही चटकन सांगाल. जागेचं ज्ञान आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रवासाला जागेचं ज्ञान पुरतं.

आता पद्धत बदला. उतरण्याची जागा, म्हणजे जिथून मनाने आत शिरायचं ती, खरी, पायाखालची आणि स्पर्शाने ओळखीची निवडा : झाडाची ढोली, झरा, एखादी गुहा. तिथे पोहोचल्यावर ‘काय दिसतंय?’ हा प्रश्न विचारू नका. तळहाताला काय लागतंय, खडबडीत की गुळगुळीत, ओलं की कोरडं, ते विचारा. मग हवा कुठून येते, पाय खाली जातात की पुढे, समोर कोणी आहे असं वाटतं का आणि ते कोणत्या बाजूला, असं एकेक घ्या. कोणी आहे असं वाटलं तर जो प्रश्न घेऊन बसलात तो त्यालाच विचारा आणि दोन-तीन श्वास थांबा. उत्तर शब्दांत येईल, छातीत उबेसारखं येईल, किंवा अचानक एखादी जुनी आठवण वर येईल. तेच उत्तर म्हणून घ्या. काहींना डफाच्या नादातच गाणं किंवा बोलणं ऐकू येतं, तेही चालतं. जे जाणवतं ते चालू प्रवासातच हलक्या आवाजात बोलत राहिलात, तर पुसट जाणिवाही निसटत नाहीत. चित्रं न दिसणाऱ्यांना हा उपाय आम्ही सगळ्यात आधी सुचवतो.

प्रश्न : मला उलट फार दिसतं, सिनेमासारखं. पण हे सगळं मीच रचतोय, अशी शंका येते. ओळखायचं कसं?

उत्तर : चित्र ठळक आहे म्हणून ते खोल आहे, असं होत नाही. ज्यांची कल्पनाशक्ती तीव्र असते त्यांचं मन रिकामी जागा झटपट भरून काढतं आणि मूळ प्रश्न मागे पडतो. सुरुवात थोडी रचलेलीच असते. झाडाच्या ढोलीत तुम्हीच शिरता. त्यापुढे पाहायचं ते एवढंच, की गोष्ट तुम्ही ढकलताय की ती आपली आपण वळतेय. ‘आता ससाणा यावा’ असं मनात आलं आणि ससाणा आला, तर थांबा. दृश्य तसंच राहू द्या, प्रश्न पुन्हा म्हणा. अनपेक्षित काही आलं, किंवा हवं ते समोर यायलाच तयार नसलं, तर ते नोंदवण्यासारखं. तरीही तो पुरावा ठरत नाही. प्रवासात कळलेल्या गोष्टीवरून दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल किंवा आजारपणाबद्दल निर्णय घेऊ नका.

प्रश्न एका वाक्यात बांधा. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर मागणारा प्रश्न नको. ‘या कामात मी काय टाळतोय?’ असा हवा. परत आल्यावर पाच मिनिटांच्या आत लिहा, आणि आधी फक्त घडलं ते : ‘पाण्यात उतरलो, पाणी कोमट, पाठीमागे कोणीतरी.’ अर्थ दुसऱ्या पानावर, दुसऱ्या दिवशी. दोन्ही एकत्र लिहिलं की अर्थाला शोभेल अशी घटना स्मृती स्वतःच दुरुस्त करून ठेवते.

प्रश्न : कधी झोप लागते, तर कधी परत आल्यावर डोकं तासभर जड राहतं. काय चुकतं?

उत्तर : आधी ठेका मोजा. सेकंदाला चार ते साडेचार ठोके, म्हणजे मिनिटाला २४० ते २७० हवेत. याहून संथ असेल तर डुलकी लागते. ठोके असमान असतील तर लक्ष वादकाकडेच जातं. झोप येत असेल तर पलंगावर झोपू नका, जमिनीवर पाठ टेकून बसा. भरल्या पोटी करू नका. नवख्यांनी १० ते १५ मिनिटांवर जाऊ नये.

जडपणा बहुधा परतीत घाई केल्याने येतो. शामानी प्रवास पाश्चात्त्य लोकांना शिकवणारे मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांच्या परंपरेत परतीची खूण ठरलेली आहे : ठेका थांबतो, सात-सात ठोके चार वेळा, मग अर्धा ते एक मिनिट जलद वादन, आणि पुन्हा सात-सात ठोके चार वेळा. जलद वादन चालू असताना आलात त्याच वाटेने उलट या, अगदी ढोलीच्या तोंडापर्यंत. चित्र दिसत नसेल तर वाट पावलांनी आठवा. मग बोटं हलवा, डोळे उघडा, पाणी प्या. लगेच गाडी चालवू नका.

फेफरं, मनोविकृतीचा झटका किंवा उन्मादाचा इतिहास असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बसू नका. डोळे उघडल्यावरही आवाज किंवा दृश्यं थांबत नसतील, तर प्रवास बंद ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.