इंग्लंडमधल्या केअर होममध्ये वृद्धांची हेळसांड होताना दिसते, पण माझा व्हिसा त्याच मालकाच्या स्पॉन्सरशिपवर आहे. तक्रार करावी का?

करावी. मात्र कुठे आणि कशी करता यावर फार अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मीही इथे याच कामात आहे आणि स्पॉन्सरशिपवरच आले होते.

तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या आहेत. रात्रपाळीत काही जणांच्या बेलची दोरी हात पोचणार नाही अशी ठेवतात, आणि कुस बदलल्याच्या नोंदी शिफ्ट सुरू होतानाच सकाळपर्यंतच्या भरून टाकतात. दुसरी गोष्ट नुसती कागदोपत्री वाटते, पण मला तिचीच जास्त धास्ती वाटते. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याला वेळच्या वेळी वळवलं नाही तर माकडहाडावर, टाचेवर बेडसोअर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, होतो. तो खोल गेला की जंतुसंसर्गाने माणूस दगावू शकतो. चार्ट व्यवस्थित भरलेला असला की नर्सला, डॉक्टरला, घरच्यांना, कोणालाच शंका येत नाही. डिमेन्शियाचा पेशंट तर स्वतः सांगूही शकत नाही. तिथे सांगणारं माणूस म्हणजे फक्त तुम्ही.

न केलेल्या कामाखाली कोणीही सांगितलं तरी सही करू नका. जाणूनबुजून केलेली हेळसांड 2015 च्या कायद्यानुसार केअररचा स्वतःचा फौजदारी गुन्हा ठरू शकते.

आजपासून वही ठेवा. ‘इथे निष्काळजीपणा चालतो’ हे मत झालं, त्याचा उपयोग नाही. ‘रात्री 2.10 ला खोलीत गेले, दोरी पलंगामागे होती, चार्टवर 4 आणि 6 वाजताच्या नोंदी आधीच भरलेल्या होत्या, ड्यूटीवर अमुक सीनिअर होती’ असं लिहा. तारीख विसरू नका. मात्र स्वतःच्या मोबाइलवर रहिवाशांचे फोटो काढू नका, केअर प्लॅनच्या प्रती घरी आणू नका आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर अवाक्षर काढू नका. गोपनीयता मोडली की मालकाची चौकशी बाजूला राहते आणि तुमची सुरू होते.

मॅनेजरला सांगायचं तर ईमेलने सांगा, तोंडी नको. मॅनेजरच यात सामील असेल तर ती पायरी गाळा आणि थेट तुमच्या भागातल्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, ॲडल्ट सेफगार्डिंग (असहाय प्रौढांचं संरक्षण बघणाऱ्या) टीमला फोन करा. केअर ॲक्ट 2014 च्या कलम 42 नुसार, स्वतःचं रक्षण करू न शकणाऱ्या अशा प्रौढाची हेळसांड होत असल्याचा वाजवी संशय असेल तर चौकशी करणं किंवा करवून घेणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. कोणाच्या जिवाला तत्काळ धोका असेल तर 999 या आपत्कालीन नंबरवर फोन करा.

त्याबरोबरच केअर क्वालिटी कमिशनला, म्हणजे सीक्यूसीला, 03000 616161 वर कळवा. आपले बरेच लोक फक्त सीक्यूसीला कळवून वाट बघत बसतात. सीक्यूसी होमची तपासणी करते; त्या आजींचं आज रात्री काय होणार, ते बघणं कौन्सिलचं काम आहे. पण सीक्यूसी ही व्हिसलब्लोअरची, म्हणजे कामाच्या ठिकाणचा गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याची, तक्रार घेण्यासाठी कायद्याने नेमलेली संस्था आहे, त्यामुळे तिथली नोंद तुमच्या संरक्षणासाठी मोलाची.

एकदा कळवून थांबू नका. रेफरन्स नंबर घ्या, आठवड्याने पुन्हा विचारा. ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं बौद्धिक अपंगांसाठीचं खाजगी रुग्णालय होतं. टेरी ब्रायन या वरिष्ठ नर्सने 2010 मध्ये तिथल्या छळाबद्दल व्यवस्थापनाला लिहिलं, सीक्यूसीलाही कळवलं. काहीच हाललं नाही. मे 2011 मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने छुपं चित्रण दाखवलं तेव्हा देश हादरला, रुग्णालय बंद झालं, 11 कर्मचारी दोषी ठरले आणि त्यातले 6 तुरुंगात गेले. मधल्या महिन्यांत तिथल्या लोकांनी जे सोसलं ते आठवलं की मला अजूनही संताप येतो.

आता व्हिसा. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कर्ज काढून आलेल्या मुलींना गप्प करायला ‘परत पाठवीन’ एवढे दोन शब्द पुरतात. पण मालक कोणाला देशाबाहेर काढू शकत नाही. त्याने नोकरीवरून काढलं तर तो होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या इथल्या गृहखात्याला, कळवतो. होम ऑफिसचं पत्र आल्यावर नवा स्पॉन्सर शोधायला साधारण 60 दिवस मिळतात. व्हिसलब्लोअरचं संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागू असतं, आणि करारात ‘बाहेर बोलणार नाही’ असं लिहून घेतलं असलं तरी ते कलम अशा तक्रारीला लागू पडत नाही. हा कायदा नोकरी जाणं थांबवतोच असं नाही, बहुतेकदा भरपाई मिळवून देतो, हेही लक्षात असू द्या. तक्रारीमुळे काढलं तर तात्पुरत्या आदेशासाठी एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे, म्हणजे नोकरीचे तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, फक्त 7 दिवसांत अर्ज करावा लागतो.

निनावी तक्रार करता येते. पण लहान होममध्ये मजकुरावरूनच नाव कळतं, आणि निनावी माणसाला अधिकारी पुढचे प्रश्न विचारू शकत नाहीत. मी म्हणेन, नाव द्या आणि ते गोपनीय ठेवायला सांगा.

हे सगळं करण्याआधी ‘प्रोटेक्ट’ या संस्थेशी बोला, त्यांचा व्हिसलब्लोइंगबद्दलचा सल्ला मोफत असतो. व्हिसाबद्दल मात्र नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागारालाच विचारा, तुम्हाला इथे आणणाऱ्या एजंटला नाही. आणि युनिसनसारख्या युनियनचं सदस्यत्व याच आठवड्यात घ्या, कारण सदस्य होण्याआधी सुरू झालेल्या प्रकरणात युनियन सहसा पडत नाही.